हॉवरबाईक घडवायची कशी: पहिल्या रेघेपासून शेवटच्या फोटोपर्यंत

हॉवरबाईक, म्हणजे जमिनीला न टेकता तरंगत धावणारी बिनचाकी मोटरसायकल, काढायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात एकाच पद्धतीने करतो. ओळखीची मोटरसायकल काढायची, चाकं खोडायची आणि रिकाम्या जागी निळसर चमकणाऱ्या दोन तबकड्या बसवायच्या. चित्र वाईट दिसत नाही, पण पटतही नाही. चाकं खोलून जॅकवर चढवून ठेवलेल्या गाडीसारखं काहीतरी दिसतं.

याचं कारण असं, की चाक नुसतं फिरत नाही. ते वजन पेलतं, गाडी वळवतं, थांबवतं, खड्ड्याचा दणका झेलतं. गाडी केवढी आहे याचा अंदाजही आपण नकळत चाकावरूनच बांधतो. चाकं काढली की ही सगळी कामं बेवारस होतात. हॉवरबाईक डिझाईन करायची म्हणजे या प्रत्येक कामाला नवा धनी शोधून द्यायचा.

आणखी एक गोष्ट, जी मला बरीच चित्रं आणि दोन-तीन मॉडेल्स झाल्यावर उमगली. तरंगणं गाडीत दिसत नाही, ते गाडी आणि जमीन यांच्यामधल्या मोकळ्या जागेत दिसतं. गाडीवर कितीही बारकावे काढा; ती फट नीट सांभाळली नाही तर गाडी कागदावर चिकटलेली राहते. पुढच्या बऱ्याच सूचना फिरून याच फटीपाशी येतील.

चित्र काढायचं असो की मॉडेल करायचं, पहिल्या तीन पायऱ्या दोन्हींसाठी सारख्याच आहेत.

पहिली पायरी: हिला उचलतंय कोण?

पेन्सिल हातात घेण्याआधी हे एका वाक्यात लिहून काढा. पंखे उचलतात, जेट उचलतात, खाली कोंडलेली हवा उचलते, की तुमच्या कथेतलं एखादं काल्पनिक बल? उत्तर कुठलंही चालेल, पण एकदा दिलं की गाडीच्या प्रत्येक भागाने ते पाळलं पाहिजे.

खऱ्या जगात लोकांनी हे प्रयोग करून पाहिलेले आहेत आणि नवख्या डिझायनरसाठी ते सोन्यासारखे आहेत. अमेरिकेत १९५५ मध्ये हिलर कंपनीचा ‘फ्लाइंग प्लॅटफॉर्म’ उडाला: एका गोल कवचात एकावर एक, उलट दिशांना फिरणारे दोन पंखे आणि त्यांच्यावर उभा असलेला माणूस. वळायचं तर तो अंग झुकवायचा. १९५८ मध्ये पियासेकी कंपनीची ‘एअरजीप’ उडाली. तिला पुढे एक आणि मागे एक असे मोठे पंखे होते आणि माणसांची जागा मधे. आजच्या कितीतरी काल्पनिक हॉवरबाईक या दोन आराखड्यांच्या नातेवाईक वाटतात. ब्रिटनमध्ये ख्रिस्तोफर कॉकरेल यांनी एकात एक बसवलेले दोन डबे आणि हवा फेकणारं साधं यंत्र घेऊन दाखवून दिलं, की हवा सरळ खाली सोडण्यापेक्षा कडेने पडद्यासारखी सोडली तर जास्त जोर मिळतो. त्या कल्पनेवर बनलेल्या ‘एसआर-एन-१’ या हॉवरक्राफ्टने जुलै १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पार केली. तुमची गाडी हवेच्या उशीवर चालत असेल, तर तिच्या पोटाची कड हा सर्वांत महत्त्वाचा भाग झाला. झालर, फट, ओठासारखी वळलेली किनार जे काही असेल ते तिथे दिसायला हवं.

पंख्यांचा मार्ग घेतलात तर थोडा हिशेब करा. गाडी आणि स्वार मिळून २५० किलो धरू. ६० सेंटिमीटर व्यासाचे चार पंखे दिले, तर नुसतं एका जागी तरंगत राहायला आदर्श परिस्थितीतही सुमारे ७३ किलोवॅट, म्हणजे जवळपास शंभर अश्वशक्ती लागते. आणि पंख्यातून हवा खाली जाते ती ताशी सुमारे १०७ किलोमीटर वेगाने. पंख्यांचा व्यास दुप्पट केला की लागणारी शक्ती निम्म्यावर येते. या आकड्यांतून डिझाईनचे निर्णय आपोआप सुटतात. छोटे पंखे हवे असतील तर इंजिन दांडगं दाखवा, त्याला हवा घ्यायला तोंडं द्या, थंड ठेवायला जाळ्या द्या. मोठे पंखे दिलेत तर इंजिन लहान चालेल, पण गाडी रुंद होणार आणि अरुंद गल्लीतून जाणार नाही. आणि वादळी वाऱ्याइतक्या वेगाने हवा खाली येत असेल, तर स्वाराच्या पायांजवळ संरक्षक जाळी नको का?

काल्पनिक बल निवडलंत तरी हेच शिस्तीने करा. समजा तुमच्या जगात एक खनिज तापवलं की ते जमिनीपासून दूर ढकललं जातं. मग ते कुठे ठेवलंय, तापतंय कशाने, थंड कसं होतं? ही तीन उत्तरं दिलीत की गाडीला पोट, भट्टी आणि रेडिएटर मिळाला.

दुसरी पायरी: आधी स्वार, मग गाडी

नवख्यांच्या चित्रात माणूस शेवटी येतो आणि मग तो गाडीवर बसत नाही, ठेवल्यासारखा दिसतो. उलट करा. आधी माणूस बसवा आणि त्याच्याभोवती गाडी बांधा.

एक खुर्ची उलटी फिरवून तिच्यावर स्वारासारखे बसा, हात हँडलवर असल्यासारखे पुढे धरा आणि कुणाला तरी बाजूने, समोरून आणि वरून फोटो काढायला सांगा. खांदा, कोपर, कंबर, गुडघा आणि घोटा या पाच बिंदूंवरून तुमच्या गाडीचा सांगाडा ठरतो. ताठ बसलेला स्वार गाडीला निवांत, लांबच्या प्रवासाची बनवतो. पोटावर आडवा झालेला स्वार तिला बाणासारखी करतो, पण मग मान वर करून समोर बघायला त्याला त्रास होतो, म्हणून हनुवटीखाली आधार द्यावा लागतो. असा एक छोटा आधार काढला की बघणाऱ्याला आपोआप कळतं, की ही गाडी कुणीतरी खरोखर चालवलेली आहे.

मापासाठी खरी मोटरसायकल हाताशी धरा. साधारणपणे तिच्या दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर १.४ मीटरच्या आसपास असतं आणि सीट जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या आसपास. आता तीच गाडी अर्धा मीटर वर तरंगत ठेवा. सीट १.३ मीटरवर गेली, म्हणजे साधारण माणसाच्या छातीला लागली. तो चढणार कसा? म्हणजे गाडीला थांबताना खाली बसता आलं पाहिजे, नाहीतर पायरी तरी हवी.

इथूनच माझा सर्वांत आवडता प्रश्न येतो: बंद केल्यावर ही उभी कशी राहते? मोटरसायकलला स्टँड असतो. हॉवरबाईकला घसरपट्ट्या असतील, घडी होणारे तीन पाय असतील, नाहीतर ती कुशीवर कलंडून पडत असेल आणि तिथे रबराचा पट्टा झिजलेला असेल. नव्या कलाकारांची चित्रं पाहताना मी हाच भाग पहिल्यांदा शोधतो. तो सापडला की बाकीचा विचारही झालेला असतो, असा माझा अनुभव आहे.

तिसरी पायरी: ही वळते आणि थांबते कशी?

टायर नाहीत म्हणजे जमिनीवर पकड नाही. मग वळायला आणि थांबायला जोर मुख्यतः उचलणाऱ्या बलालाच तिरकं करून मिळणार. वेग घ्यायचा तर नाक खाली, थांबायचं तर नाक वर आणि शेपूट खाली, वळायचं तर सगळी गाडी त्या बाजूला कललेली. हे हेलिकॉप्टरचं वागणं आहे. हे एकदा डोक्यात बसलं की तुमच्या चित्रातली गाडी नुसत्या कोनावरून बोलू लागते. आडवी सपाट गाडी म्हणजे थांबलेली किंवा एकाच गतीने सरकणारी गाडी. जोरात ब्रेक मारल्याचं दाखवायचं असेल तर नाक वर उचला आणि स्वाराला मात्र पुढे झुकवा.

कलण्याचाही हिशेब सोपा आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने ४० मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं असेल तर गाडी सुमारे ४५ अंशांत कलावी लागते. आता तुमची गाडी एक मीटर रुंद असेल तर कलल्यावर तिची एक कड मधल्या रेषेपासून साधारण ३५ सेंटिमीटर खाली येते. अर्ध्या मीटरवर तरंगणारी गाडी जमिनीपासून फक्त १५ सेंटिमीटर उरली! म्हणून रुंद हॉवरबाईक वळताना आधी उंच होते असं दाखवा, नाहीतर तिच्या कडांना ओरखडे द्या. मी दुसरा पर्याय नेहमी घेतो. मॉडेल रंगवताना त्या ओरखड्यांना कारण असतं, आणि कारण असलेला ओरखडा वेगळाच दिसतो.

हँडलच्या हालचालीने नेमकं काय हलतं तेही ठरवा: पंख्याखालच्या झडपा, पुढचे दोन हात, की मागची शेपटी. एक दांडी, एक सांधा आणि एक झडप एवढं जरी दिसलं तरी पुरे.

चौथी पायरी: कागदावर

तीन-चार सेंटिमीटरच्या चौकोनांत वीस छोटी चित्रं काढा. बारकावे नकोत, फक्त काळ्या आकृत्या. जाड मार्कर घ्या म्हणजे बारकाव्यांचा मोह होणार नाही. त्यातल्या पहिल्या सहा-सात आकृत्या तुम्ही कुठेतरी पाहिलेल्या गाड्यांच्या असतील. त्या काढून मोकळे व्हा, खरं काम त्यानंतर सुरू होतं. वीस झाल्या की कागद भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. तिथूनही जी आकृती वेगळी ओळखता येते, ती ठेवा.

मग तीच बाजूने, वरून आणि समोरून काढा. बहुतेक जण बाजूच्या चित्रावर आठवडा घालवतात आणि समोरचं चित्र काढतच नाहीत. हीच मॉडेलच्या वेळी नडणारी चूक. मोटरसायकल समोरून अरुंद असते कारण तिची चाकं एका रेषेत असतात. हॉवरबाईकला असं बंधन नाही. ती समोरून त्रिकोणी, चपटी, मधे पोकळ कशीही असू शकते. तुमच्या गाडीचं वेगळेपण बहुधा समोरच्या चित्रातच सापडेल.

बारकाव्यांबद्दल एकच सांगतो. ते सगळीकडे सारखे पसरू नका. सांधे, पंख्यांची मुळं, इंजिनाची बगल इथे दाटी करा आणि मोठे पत्रे मोकळे सोडा. डोळ्यालाही विसावा लागतो.

साधनं कुठलीही चालतात. संगणकावर काम करणार असाल तर चित्रं काढायचं क्रिटा आणि थ्रीडी आकार घडवायचं ब्लेंडर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. ब्लेंडरमध्ये डबे-नळकांडी जोडून ढोबळ आकार उभा करून त्यावर चित्र काढायला काहीच हरकत नाही, विशेषतः कोनातून पाहताना पंख्यांची वर्तुळं लंबगोल होतात आणि हाताने ती चुकतात तेव्हा.

एखाद्या आवडत्या चित्रपटातली किंवा खेळातली गाडी घेऊन फॅन आर्ट करणार असाल, तर मूळ गाडीचं जे दोन-तीन ठिकाणी ओळखू येतं तेवढं जपा आणि बाकी आपलं घाला. मूळ निर्मात्यांचं आणि ज्याच्या डिझाईनवरून तुम्ही काढलंत त्या कलाकाराचं नाव चित्रासोबत स्पष्ट लिहा. विकायचा विचार असेल तर हक्क कुणाचे आहेत ते आधी बघा आणि परवानगी घ्या. दुसऱ्याने फुकट दिलेली थ्रीडी फाईल वापरताना तिचं लायसन्स वाचा; काहींमध्ये बदल करायला मुभा असते, विक्रीला नसते.

पाचवी पायरी: ती फट

आता मूळ मुद्द्यावर येतो. टेबलावर एक पेन ठेवा आणि शेजारी दिवा लावा. पेन टेबलाला टेकलंय तिथे सावली पेनाला चिकटलेली आणि गडद आहे. पेन दोन बोटं वर उचला. सावली सुटली, बाजूला सरकली, तिची कड मऊ झाली. चित्रात गाडी तरंगवायची म्हणजे एवढंच करायचं: सावली गाडीपासून सोडवायची. गाडी आणि तिची सावली यांच्यामध्ये उजेड पडलेली जमीन दिसली पाहिजे.

मऊपणा किती, यावर मात्र बरेच जण अति करतात. सूर्य आकाशात साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळे सावलीची धूसर कड अंतराच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढी असते. डोक्यावरच्या उन्हात अर्ध्या मीटरवरच्या गाडीच्या सावलीची कड फक्त अर्धा सेंटिमीटर धूसर होईल, म्हणजे दिसायला ती जवळजवळ धारदार. ढगाळ दिवशी उलट: कड नाहीच, पोटाखाली नुसता काळपट डाग, मधे गडद आणि कडेला विरघळणारा. चित्रात ऊन आहे की ढग हे आधी ठरवा आणि सावली त्यानुसार काढा. कडक उन्हातल्या गाडीखाली भुरकट डाग काढला की ती लगेच कापून चिकटवल्यासारखी दिसते.

सावलीनंतर जमीन. हवा खाली फेकणारी गाडी असेल तर माती मधून बाहेर सरकेल, गवत चहूबाजूंनी झोपेल, पाण्यावर वर्तुळं उठतील. जमिनीचा रंग गाडीच्या पोटावर उमटेल: लाल मातीवर पोट तांबूस, गवतावर हिरवट. हा परावर्तित रंग ब्रशच्या दोन फटकाऱ्यांचं काम आहे आणि गाडीला त्या जागेत नेऊन बसवतो.

वेगसुद्धा गाडीत नसतो, भोवतालात असतो. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या चित्रपटातला, तरंगत्या गाड्यांचा जंगलातला गाजलेला पाठलाग याचं उत्तम उदाहरण आहे. स्टेडिकॅमचे (चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या साधनाचे) जनक गॅरेट ब्राऊन कॅमेरा घेऊन त्या झाडांतून चक्क चालत गेले, सेकंदाला एकाहून कमी फ्रेम टिपत. ती फिल्म नेहमीच्या २४ फ्रेमच्या गतीने दाखवल्यावर झाडं अंगावर धावून येऊ लागली. तुम्हीही गाडी स्पष्ट ठेवा आणि जवळची झाडं-दगड प्रवासाच्या दिशेने ओढा. जितकं जवळ तितकं जास्त ओढलेलं, लांबचे डोंगर जसेच्या तसे.

सहावी पायरी: मॉडेलचं प्रमाण आणि पुठ्ठ्याची गाडी

पहिल्या मॉडेलसाठी १:१२ घ्या, म्हणजे खऱ्या मापाचा बारावा भाग. मोटरसायकलची किट्स या प्रमाणात भरपूर मिळतात, म्हणून सीट, हँडल, इंजिनाचे भाग आयते सापडतात. १.७ मीटरचा माणूस यात १४ सेंटिमीटरचा होतो, हाताला सोयीचा. १:२४ मध्ये तो ७ सेंटिमीटरचा आणि १:३५ मध्ये ५ सेंटिमीटरपेक्षाही थोडा लहान. १:३५ चा फायदा म्हणजे रणगाड्यांच्या किट्समधले बारीक भाग आणि बसलेले सैनिक, पण पहिल्याच खेपेला बोटं अडखळतात.

प्लास्टिकला हात लावण्याआधी तीन बाजूंची चित्रं खऱ्या मापात छापून पुठ्ठ्याची गाडी करा. एका संध्याकाळचं काम आहे. कागदावर डौलदार वाटणारं नाक हातात घेतल्यावर जड वाटतं, गुडघे टाकीत घुसतात, हँडल पोचत नाही. हे सगळं पुठ्ठ्यात कळलं तर कात्रीने सुटतं.

सातवी पायरी: बांधणी

मी स्टायरिन या प्लास्टिकच्या शीटने बांधतो: सांगाड्याला दीड मिलिमीटर, अंगाला एक, वळणदार पत्र्याला अर्धा. शीट आरपार कापायची नसते. पोलादी पट्टी धरून कटरने दोन-तीनदा ओरखडा मारायचा आणि वाकवायचं. ती स्वच्छ तुटते. कटरची दिशा नेहमी धरणाऱ्या हातापासून दूर, आणि पातं बोथट झालं की लगेच बदला, कारण बोथट पात्यावर जोर लावतानाच ते सटकतं.

स्टायरिनला स्टायरिन जोडायला मॉडेल सिमेंट. ते प्लास्टिक किंचित विरघळवून एकजीव करतं. धातू, रेझिन, लाकूड जोडायला सुपरग्लू. दोन्हींचे वास कोंडू देऊ नका, खिडकी उघडी ठेवा. पारदर्शक काचेजवळ सुपरग्लू अजिबात नको. त्याची वाफ काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. तिथे पांढरा गोंद वापरा, तो वाळल्यावर दिसतही नाही.

सुरुवात कण्यापासून. नाकापासून शेपटीपर्यंत एक सरळ, भक्कम पट्टी, तिच्यावर आडवे छेद, त्यावर अंग. मॉडेल हवेत धरणाऱ्या स्टँडची नळीही रंगाआधी याच कण्यात बसवायची, पण त्याबद्दल पुढे.

पंख्याचं उदाहरण घेऊ, कारण तिथेच सगळे अडतात. एकाच मापाची दोन गोल झाकणं शोधा. एकाचा तळ कापून कडं करा, दुसरं तसंच ठेवा. मधे जुन्या पेनाचं टोपण, ते झालं पंख्याचं बोंड. अर्धा मिलिमीटरच्या शीटमधून पाती कापा, सातसारखी विषम संख्या घ्या. प्रत्येक पातं गरम पाण्यात बुडवून बोटांनी किंचित पीळ द्या आणि बोंडाला तिरकं चिकटवा. सगळ्यांचा तिरकेपणा एकसारखा यावा म्हणून पुठ्ठ्याचा एक कोन कापून ठेवा आणि प्रत्येक पातं त्याला टेकवून बसवा. वर बारीक तारेची जाळी, खाली दोन झडपा. कड्याचा वरचा ओठ गोलसर करा. खऱ्या कवचात हवा सहज आत वळावी म्हणून तो गोल असतो, आणि धारदार ओठाचा पंखा बाटलीच्या झाकणासारखा दिसतो, कारण तो असतोच!

बाकीच्या बारकाव्यांसाठी किटबॅशिंग करा. वेगवेगळ्या किट्समधले उरलेले भाग, घड्याळाची चाकं, इंजेक्शनच्या सुईविना सिरिंज, वायरचं आवरण, रेझरचं डोकं. चित्रपटांसाठी मॉडेल करणारे हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. कसोटी एवढीच, की भाग ओळखू येता कामा नये. ओळखू आला तर उलटा लावा, अर्धा कापा, दुसऱ्याखाली दडवा. सगळं झाल्यावर एक राखाडी प्रायमरचा फवारा मारला की दहा ठिकाणचे भाग पहिल्यांदा एका गाडीचे दिसतात. तो क्षण मला अजूनही प्रत्येक वेळी तितकाच आवडतो.

फटी लांबीने (पुट्टीने) भरा, वाळू द्या आणि २४०, ४००, मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासत या. पाणी लावून घासलं की धूळ उडत नाही. कोरडं घासताना मास्क हवाच. थ्रीडी प्रिंटर असेल तर पंख्यांसारखे एकसारखे चार भाग त्यावर काढा. रेझिन प्रिंटरचं कच्चं रेझिन उघड्या हाताने हाताळू नका.

आठवी पायरी: हवेत धरायचं कसं

माझ्या दुसऱ्या मॉडेलमध्ये मी स्टँड शेवटी केला. रंग झालेल्या गाडीच्या पोटाला, बरोबर मध्यावर, भोक पाडलं आणि ३ मिलिमीटरची ॲक्रिलिकची कांडी बसवली. पण नाकात मी बरीच लांबी भरली होती. काही दिवसांतच पोटाचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आत दबला आणि नाक खाली आलं. गाडी वेगात निघाल्यासारखी दिसायच्या ऐवजी कोसळत असल्यासारखी दिसू लागली. पोट कापून, कण्याला नळी चिकटवून, पुन्हा रंगवावी लागली.

तेव्हापासून क्रम असा ठेवतो. सांगाडा आणि जड भाग जागेवर आले की स्वाराला तात्पुरतं बसवायचं, कारण त्याचंही वजन असतं. मग गाडी दोऱ्याने एका बिंदूपासून टांगायची आणि दोऱ्याची रेषा खाली कुठून जाते ते बाजूच्या अंगावर पेन्सिलीने आखायचं. दुसऱ्या बिंदूपासून टांगून पुन्हा आखायचं. दोन रेषा जिथे छेदतात तिथे वजनाचा मध्य. पितळी नळी त्याच्या सरळ खाली, कण्यापर्यंत आत. कांडी नळीत सरकून बसते, त्यामुळे गाडी काढता-घालता येते. पारदर्शक कांडीपेक्षा मला बारीक पितळी सळई बरी वाटते. ॲक्रिलिक उजेड पकडतं आणि डोळा नेमका तिथेच जातो. गाडी थोड्या कोनात धरायची असेल तर नळीच त्या कोनात बसवा.

खाली जमीन हवीच. कोऱ्या लाकडी ठोकळ्यावरची हॉवरबाईक म्हणजे शोकेसमधली वस्तू. माती, दोन दगड, झोपलेलं गवत एवढं केलंत तरी फट जिवंत होते.

नववी पायरी: रंग

प्रायमर, मग मूळ रंगाचे पातळ थर. एक जाड थर कधीही नको. पूर्ण वाळल्यावर पातळ केलेला गडद तपकिरी रंग सांध्यांत सोडा आणि कोरड्या ब्रशने कडांवर किंचित फिका रंग फिरवा.

पोपडे निघालेला रंग हवा असेल तर आधी धातूचा रंग आणि वार्निश, त्यावर केसांचा स्प्रे, वर ॲक्रिलिक रंग. तो हाताला कोरडा लागला की पाण्याने ओला करून जुन्या ब्रशने घासा. खालचा स्प्रे विरघळतो आणि रंग तुकड्यांनी सुटतो. फार दिवस थांबलात तर सुटत नाही.

पण झीज कुठे, हे गाडीला विचारा. चाकं नाहीत, म्हणजे मडगार्डवर चिखल उडणार नाही. धूळ पोटाला आणि शेपटीच्या खालच्या अंगाला बसेल. बूट जिथे टेकतात, गुडघे जिथे घासतात, चढताना हात जिथे धरला जातो तिथला रंग उडालेला असेल. घसरपट्ट्यांचा तळ नागडा धातू. नळकांड्यांच्या तोंडाशी उष्णतेचा निळा-तपकिरी पट्टा. आणि वळताना खाली येणाऱ्या त्या कडेला ओरखडे, मागच्या दिशेने ओढलेले. शेवटी सगळ्यावर मॅट वार्निश. स्वच्छ चकाकी लहान गाडीला खेळणं करते.

दहावी पायरी: फोटो

वरून फोटो काढू नका. १:१२ मध्ये १.६ मीटरवरच्या डोळ्याची उंची १३ सेंटिमीटर होते. कॅमेरा जमिनीपासून तेवढाच वर किंवा त्याहून खाली ठेवा. फोन फार जवळ नेला की नाक फुगतं, म्हणून थोडं मागे जाऊन झूम करा.

उन्हासाठी एकच दिवा, लहान आणि लांब. दोन सेंटिमीटरचा उघडा दिवा दोन मीटरवरून जवळजवळ सूर्याएवढाच दिसतो, म्हणून सावलीची कड बरोबर येते. मोठा मऊ दिवा जवळ ठेवलात तर ढगाळ दिवस होतो. तोही सुंदर दिसतो, फक्त मागचं आकाश त्याला साजेसं हवं.

सळई काढायची असेल तर कॅमेरा स्टँडवर घट्ट करून दोन फोटो घ्या: एक गाडीसह, दुसरा गाडी आणि सळई दोन्ही काढून रिकाम्या जमिनीचा, उजेड तोच. संगणकावर रिकामा फोटो खाली, गाडीचा वर, आणि वरच्या थरातली सळईची पट्टी तेवढी पुसा. जमिनीत सळईसाठी पाडलेलं भोक दुसऱ्या फोटोआधी चिमूटभर मातीने झाका. सळईची बारीक सावलीही पुसायला विसरू नका, पण ती गाडीच्या सावलीला जिथे मिळते तिथे थांबा. त्याच्या आत पुसलंत तर खालून उजेडाची रेघ निघते आणि गाडीची सावली दोन तुकड्यांत फाटते.